फॉर्म टेबलावर येतो

टाचणीचा फॉर्म रविवारी दुपारी कटिंगच्या टेबलावर आला, कारण त्या घरातून टेबलावर आल्याशिवाय काही म्हणजे काहीच बाहेर जात नाही. उशीची खोळ असो नाहीतर वकिलाचा कोट असो, द्यायच्या आधी तो टेबलावर पसरायचा, मग मास्तर, म्हणजे टाचणीचे आजोबा, कट बघणार, मग बाबा शिलाई दोन्ही अंगठ्यांनी ताणून बघणार, आणि सगळ्यात शेवटी आत्या. आत्याच्या हातात बारकी कात्री आणि ब्रश. लोंबणारे दोरे कापायचे आणि खडूची एकूण एक खूण उडवायची. खडू अंगावर घेऊन कपडा दाराबाहेर पडला की दुकानाची अब्रू गेली, असं ती म्हणायची, आणि तीस वर्षांत एकही कपडा तसा पडला नव्हता.

तर फॉर्मही तसाच पसरला. सहा पानं, एकाला एक लावून. मास्तरांनी कोपऱ्यांवर लोखंडी वजनं ठेवली, सवयीने खडू घेऊन कागदांभोवती चौकट आखली, जशी ते कापडाभोवती आखतात, आणि चष्मा कपाळावरून खाली ओढला.

टाचणी एक पान सरळ करायला गेली तर म्हणाले, "बस तिकडे. गिऱ्हाईक टेबलाला हात लावत नाही."

टाचणी स्टुलावर बसली. हे नाव काकाने ठेवलेलं. लहानपणी ती इतकी बारीक होती आणि इतकी टोचून बोलायची की दुसरं नाव शोभलंच नसतं. आता तेवीस वर्षांची झाली तरी गल्लीत कुणाला तिचं खरं नाव विचारा, दहातले नऊ जण डोकं खाजवतील.

फॉर्म होता रेडिएशन थेरपीच्या कोर्सचा. कॉलेज इथून गाडीने सात तासांवर, कोर्स दोन वर्षांचा, जागा बारा. मागच्या वर्षी ती वेटिंग लिस्टवर तिसरी होती. वरच्या बारांतले दोघं गळले. दोघंच. तिसरा गळावा म्हणून तिने जवळजवळ दोन महिने फोन उशाशी ठेवला होता, आणि तिसरा काही गळला नाही, असतात काही लोक असे चिवट. या वर्षी पानं स्कॅन करून पाठवायची मुदत सोमवारी दुपारी बारा वाजता संपणार होती. म्हणजे उद्या.

या वेळी तिची तयारी मात्र पक्की होती. फिजिक्सचा पेपर पुन्हा दिलेला, मार्क वाढलेले, आणि हॉस्पिटलच्या रेडिएशन विभागात चाळीस तास नुसतं उभं राहून बघितल्याचा सहीशिक्क्याचा कागद. त्या चाळीस तासांनी तर तिला पार वेड लावलं होतं. तिथल्या थेरपिस्ट बाई पेशंटला टेबलावर झोपवायच्या, भिंतीतून आणि छतातून हिरव्या रेषा यायच्या, लेझरच्या, केसाएवढ्या, आणि बाई पेशंटच्या अंगावरच्या शाईच्या फुल्या त्या रेषांखाली आणून ठेवायच्या. ओढायचं नाही, ढकलायचं नाही, पेशंटने स्वतः हलायचंही नाही, खालची चादर धरून जरा इकडे, जरा तिकडे. मग सगळ्यांनी खोलीबाहेर यायचं, जाड दार बंद, आत माणूस एकटा. आणि बाई बाहेर पडद्यावर बघत माइकमध्ये म्हणायच्या, आम्ही इथेच आहोत हं, बघतोय तुमच्याकडे. एवढंच. पण ते वाक्य ऐकलं की टाचणीची नजर पडद्यावरून त्या जाड दारावर जायची. नऊ वर्षांपूर्वी आई अशाच एका दाराआड एकटी झोपायची, आणि चौदा वर्षांची टाचणी बाहेर बाकावर बसून दाराकडे बघायची. तिला त्या दाराच्या आतही जायचं होतं आणि त्या माइकपाशीही बसायचं होतं. दोन्ही एकदम. कसं ते तिलाही सांगता आलं नसतं.

सगळं होतं. फक्त आत्याचं पत्र नव्हतं.

फॉर्ममध्ये एक अट होती, ज्या व्यक्तीच्या हाताखाली उमेदवाराने किमान एक वर्ष काम केलं आहे तिने शिफारस करायची, स्वतःच्या फोनवरून, कॉलेजने पाठवलेल्या लिंकवर. टाचणी शाळा सुटल्यापासून आत्याच्याच हाताखाली होती. मागच्या वर्षी आत्याने एका बैठकीत पत्र लिहून टाकलेलं. मास्तर तेव्हा विरोधात होते, बाबा गप्प, काका नेहमीप्रमाणे दोन्हीकडून बोलत होता, आणि आत्या एकटी सगळ्यांना पुरून उरली होती, की पोरगी जाणार म्हणजे जाणार. आणि या वर्षी उलटंच. मास्तर वळले, बाबा वळला, आणि आत्याने तीन आठवडे त्या लिंकला हात लावला नाही. कॉलेजकडून दोनदा आठवण आली. टाचणीने चारदा केली. आत्याचं उत्तर ठरलेलं, बघते. आणि बघते म्हणताना ती टाचणीकडे बघायची नाही.

मास्तरांनी पहिलं पान संपवलं. खरं तर त्यांना मार्कांतलं काही कळत नव्हतं. ते बघत होते अक्षर, समास, रकाने. टाचणीचा हात त्यांना पहिल्यापासून आवडायचा. सात वर्षांची असताना तिने कापडावर डोळ्याने रेघ मारली होती आणि पट्टी लावली तर ती सरळ निघाली, तेव्हापासून त्यांनी मोठी कात्री तिच्यासाठी मनात बाजूला काढून ठेवलेली. दोन्ही मुलांना दिली नाही. थोरल्याला शिलाई जमते, कट नाही, आणि धाकटा लिफ्ट दुरुस्त करत गावभर फिरतो. कात्री त्या पोरीचीच होती. आणि पोरगी म्हणते, मला लेझरची रेघ हवी.

"त्या मशीनला किती फरक चालतो म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

"काही ठिकाणी एक मिलिमीटर. काही ठिकाणी तेवढाही नाही."

मास्तरांनी मान हलवली. त्यांना आयुष्यभर गिऱ्हाइकांनी पाव इंचावरून वेड्यात काढलं होतं. "मग बरोबर आहे," ते म्हणाले, आणि पान बाबाकडे सरकवलं. "कट चांगला आहे." एवढ्यावर त्यांनी ती कात्री पुन्हा मनातल्या मनात कपाटात ठेवली, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

तेवढ्यात काका आला, हात ग्रीसचे, आल्या आल्या आत्याने त्याला टेबलापासून हाताने लांब केला. कुठल्याशा इमारतीत सातव्या आणि आठव्या मजल्याच्या मध्ये तिघं अडकले होते आणि त्यातला एक जण बाहेर आल्यावर काकालाच ओरडला, हे त्याने हात धुता धुता सांगितलं. मग म्हणाला, "कुठवर आलं? शिवलं का पोरीला?"

"निबंध राहिलाय," बाबा म्हणाला.

निबंध म्हणजे, या क्षेत्रात का यायचं आहे ते पाचशे शब्दांत. तो काकाने वाचायचा असं ठरलेलं होतं, कारण घरात आवाज त्याचाच. तो टॉवेलला हात पुसत टेबलाच्या टोकाशी उभा राहिला आणि वाचायला लागला. सुरुवातीला दुकानाबद्दल होतं, माप घेणं, खुणा, दोन टाक्यांमधलं अंतर. मास्तर खूश झाले. मग आईबद्दल आलं, आणि काकाचा आवाज आपोआप खाली उतरला.

"माझी आई रेडिएशन घेत असताना तिच्या छातीवर शाईने खुणा केल्या होत्या. तिसऱ्या आठवड्यात तिने नकळत त्या खुणा धुऊन टाकल्या. उपचार चार दिवस थांबले. पुसू नका हे तिला समजेल अशा शब्दांत कुणी सांगितलं होतं का, हे मला माहीत नाही. मला ते सांगणारी व्हायचं आहे."

बाबा शिलाई बघतो तसा दोन्ही अंगठे टेबलाच्या कडेला लावून बसला होता. ते वाक्य आलं आणि त्याने अंगठे काढून घेतले. घरात रेडिएशनला शेक म्हणायचे, आज शेक आहे, उद्या शेक आहे. त्या दिवशी टाचणीची आई आत गेली आणि पाच मिनिटांत बाहेर आली, म्हणाली, खुणा गेल्या, मीच धुतल्या आंघोळीत, पुन्हा सगळं आखायला लागणार. आणि तो तिला हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये, चार लोकांसमोर म्हणाला होता, लहान मूल आहेस का तू. मग तीन दिवस कामापुरतं बोलला. त्यानंतर ती दीड वर्ष होती. दीड वर्षात माणूस हजार वेळा माफी मागू शकतो. त्याने एकदाही मागितली नव्हती, कारण ती विसरली असेल तर उगाच आठवण नको.

"छान लिहिलंय," तो म्हणाला. "ताई, तू बघ आता. दोरे काप आणि जाऊ दे."

आत्या ब्रश घेऊन उभी होती. कागदावर ब्रश कशाला, पण हातात होता. ती टेबलाजवळ आली, काकाच्या हातातून ते पान घेतलं, त्याच वाक्यावर बोट ठेवलं, आणि पान उलटं करून खाली ठेवलं.

"हे बाहेर जाणार नाही," ती म्हणाली.

काकाला वाटलं ताई चिडली, घरातल्या गोष्टी परक्यांना कशाला सांगायच्या म्हणून, आणि तो टाचणीच्या बाजूने सुरूच झाला, की अगं आजकाल असंच लिहितात, मनापासूनचं लागतं. मास्तर आत्याच्या बाजूने, की बाईमाणसाच्या अंगावरच्या खुणा कशाला त्या कागदावर. क्षणात टेबलाच्या दोन बाजू पडल्या. टाचणी स्टुलावरून उठली. तीन आठवडे गिळलेलं सगळं तिच्या तोंडाशी आलं होतं.

"आत्या, तुला मी जायला नको असेल तर सरळ सांग. पत्र लिहायचं नसेल तर तसं सांग. मी कॉलेजला फोन करून विचारते, दुसऱ्या कुणाचं चालेल का. पण हे बघते बघते करून उद्या बारा वाजवू नकोस."

"तिने नाही धुतलं," आत्या म्हणाली.

कुणाला काही कळलं नाही.

"मी धुतलं. मी घातली तिला आंघोळ त्या दिवशी. साबण लावून, चांगलं घासून. दुसरं मला काय येतं? खूण दिसली की माझा हात आपोआप जातो."

खालच्या रस्त्यावरून कुणीतरी सायकल ढकलत नेत होतं, तिचं चाक टक्टक् वाजत लांब गेलं.

टाचणीच्या डोक्यात एकदम तीन आठवड्यांपूर्वीचं जेवण उभं राहिलं. हॉस्पिटलातून आल्या आल्या तिनेच सांगितलं होतं, हसत हसत, की आज एका पेशंटच्या बहिणीने हौसेने तिला न्हाऊ घातलं आणि सगळ्या फुल्या साफ, थेरपिस्ट बाईंनी कपाळाला हात लावला. सांगता सांगता बाबाचा चेहरा बघून तिने जीभ चावली होती. बाबाचा. आत्याकडे तिने बघितलंच नव्हतं. आत्या त्या रात्री ताटावरून लवकर उठली आणि दुसऱ्या दिवसापासून बघते सुरू झालं.

"ती तर म्हणाली मीच धुतल्या," बाबा म्हणाला. अगदी हळू. "माझ्यासमोर म्हणाली."

"मला म्हणाली, तू गप्प बस. तुझं नाव कळलं तर तो तुला जन्मभर बोलेल. मला तीन दिवस बोलेल आणि रुळावर येईल." आत्याने ब्रश टेबलावर ठेवला. "मी म्हटलं, बरं. तेव्हा बरं म्हटलं आणि मग ती गेली. मग कुणाला सांगू? तू दर वर्षी ती गेली त्या तारखेला तिचा फोटो पुसतोस आणि म्हणतोस, स्वतःची काळजी म्हणून घेतली नाही कधी. मी तिथेच असते. ऐकत असते."

काकाने टॉवेलची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

आता बाबा काय करेल, याकडे सगळे बघत होते. तो उठला, कोपऱ्यातल्या स्वतःच्या मशीनपाशी गेला, आणि पाठ करून बसला. हाताने चाक नुसतं पुढे मागे फिरवत राहिला, सुईत दोरा नसताना. मास्तरांनी आत्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच त्यांना आपली थोरली मुलगी म्हातारी झालेली दिसली.

बाबाला राग आला होता का? आला होता. पण रागाच्या खाली दुसरंच काहीतरी होतं आणि ते रागापेक्षा जोरात वर येत होतं. ती गेल्यापासून त्याच्याकडे तिची तीच तीच वाक्यं होती. वापरून वापरून कोपरावरच्या कापडासारखी विरलेली. आणि आता नऊ वर्षांनी हे एक कोरं वाक्य. तीन दिवस बोलेल आणि रुळावर येईल. तिचंच. तिच्याच तोंडचं. त्याला तिचा आवाज ऐकू आला, त्यातला तो जरासा खट्याळपणा, जो तो विसरून गेला होता हेही तो विसरला होता.

"आणखी काय म्हणाली?" त्याने विचारलं. पाठ वळवली नाही.

"कधी?"

"त्या आंघोळीच्या वेळी."

आत्याला वाटलं होतं तो ओरडेल. ओरडण्याची तयारी तिने नऊ वर्षं केली होती. या प्रश्नाची नव्हती. ती स्टुलावर बसली, टाचणीच्याच.

"पाणी गरम होतं," ती म्हणाली. "आधी पाठ घासली, ती डोळे मिटून बसली होती. तीन आठवडे नुसता ओला कपडा फिरवून काढलेले, अंगाला औषधाचा वास, तिला तो सहन व्हायचा नाही. मग पुढे आले. साबण लावला. आणि खाली पाण्यात रंग उतरायला लागला, जांभळा. मला वाटलं औषध असेल. तिने डोळे उघडून बघितलं." आत्या थांबली. "तिला माहीत होतं रे. हॉस्पिटलवाल्यांनी तिला सांगितलेलं होतं. तिने बघितलं, आणि मला वाटलं आता काही बोलेल. तर म्हणाली, आणखी थोडं गरम ओत."

मशीनचं चाक थांबलं.

"मग?"

"मग मी ओतलं. म्हणाली, आज माणसात आल्यासारखं वाटतंय. मग बाहेर आल्यावर आरशात बघून म्हणाली, गेल्या वाटतं सगळ्या. आणि हसली. मला तेव्हाच कळलं काय झालं ते."

बाबाने चेहऱ्यावरून हात फिरवला. "गरम पाणी हवं होतं तिला," तो म्हणाला. "मला सांगितलं असतं तर." आणि पुढचं वाक्य त्याचं त्यालाच खोटं वाटलं असावं, कारण ते त्याने सोडून दिलं. सांगितलं असतं तर त्याने नाहीच म्हटलं असतं. शेक संपेपर्यंत थांब म्हटलं असतं.

"चार दिवस गेले ना पण," आत्या म्हणाली. आता ती टाचणीशी बोलत होती, आणि पहिल्यांदा तिच्याकडे बघत होती. "तू तिथे उभी राहून आलीस. तू शिकून घेतलंस. चार दिवस गेल्यामुळे झालं का ते? तू जेवताना सांगितलंस तेव्हापासून मला हेच विचारायचं आहे, आणि तोंड उघडत नाही. म्हणून पत्र लिहिलं नाही. मी काय लिहू, की मी या मुलीला काम शिकवलं?"

टाचणीला खोटं बोलता आलं असतं. नाही, अजिबात नाही, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण थेरपिस्ट बाईंनी तिला पहिल्याच दिवशी एक सांगितलं होतं, पेशंट काही विचारेल आणि तुला माहीत नसेल, तर माहीत नाही म्हणायचं आणि मग जे माहीत आहे ते नीट सांगायचं.

"आईचं मला माहीत नाही," ती म्हणाली. "मी बाईंना विचारलं होतं, आईचंच म्हणून. त्या म्हणाल्या, फाइल बघितल्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही. पण मी चाळीस तास होते, आत्या, त्यात पाच जणांच्या खुणा पुसल्या गेल्या. घामाने, साबणाने, एकाच्या तर नातवाने ओल्या फडक्याने पुसल्या. कुणी ओरडत नाही तिथे. पुन्हा आखतात. आणि दिवस चुकले तर डॉक्टर पुन्हा हिशोब करतात, गरज असली तर शेवटी वाढवून देतात."

बाबा वळला. "वाढवून म्हणजे?"

"म्हणजे समजा तीस ठरलेत, तर एखाद दोन जास्त."

"बत्तीस झाले होते," बाबा म्हणाला. "तीस सांगितले होते आणि बत्तीस झाले. मी विचारलं नाही का म्हणून. मला वाटलं दुखणं वाढलंय, म्हणून वाढवताहेत. मला वाटलं माझ्यापासून लपवताहेत." तो आत्याकडे बघत होता. "दोन जास्त दिले होते, ताई. भरून काढले होते."

आत्याने पदर तोंडाला लावला नाही की काही नाही. ती नुसती दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवून बसली, तळवे वर, बोटांच्या टोकांना खडूचं ते कायमचं पांढरं. मास्तर उठले, हळूहळू टेबलाला वळसा घालून तिच्यामागे आले, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांनी असं कधी केलेलं काकाला आठवेना, आणि काकाला सगळं आठवतं.

मग बराच वेळ चहा. तो काकाने केला, म्हणजे कसा झाला असेल ते बघा, पण सगळ्यांनी प्यायला. बाबाने मध्येच आणखी एकदा विचारलं, हसली म्हणजे कशी हसली, मोठ्याने की तशीच. आत्या म्हणाली, तशीच. बाबाने मान हलवली आणि कपात बघत राहिला.

टाचणीने निबंधातलं ते वाक्य खोडलं. आत्याचं म्हणणं होतं, माझं नाव घाल, आत्याने धुतलं असं स्पष्ट लिही. बाबाचं म्हणणं होतं, काहीच नको. टाचणीने दोघांचं ऐकलं नाही. तिने लिहिलं, आमच्या दुकानात खूण पुसली म्हणजे काम पूर्ण झालं. माझ्या आत्याने माझ्या आईला एकदा गरम पाण्याने आंघोळ घातली आणि शाईच्या खुणा पुसल्या गेल्या. आईला ती आंघोळ हवी होती. खुणा का राहू द्यायच्या हे घरातल्या सगळ्यांना सांगणारी, आणि ज्याला आंघोळ हवी आहे त्याच्यासाठी काय करता येईल ते शोधणारी, मला व्हायचं आहे.

काकाने ते पुन्हा वाचलं. मास्तरांनी बघितलं, बाबाने बघितलं. पान आत्यापाशी आलं. तिने ते वाचलं, कडेला पेन्सिलीचा एक डाग होता तो रबराने पुसला, मग एकदम दचकून टाचणीकडे बघितलं.

"तो डागच होता," टाचणी म्हणाली. "पूस."

आणि आता पत्र. त्याची मोठी गंमत झाली, कारण लिंकवर पहिलंच वाक्य होतं, आपली उत्तरं उमेदवाराला किंवा इतर कुणाला दाखवू नयेत. म्हणजे ते टेबलावर येणार नव्हतं. मास्तर अस्वस्थ झाले. कट न बघता कसं जाऊ द्यायचं? काका म्हणाला, मी फक्त स्पेलिंग बघतो, तर आत्याने त्याला दारातूनच परत पाठवला, आतल्या खोलीत गेली आणि कडी लावली.

ती पलंगाच्या कडेला बसली, चष्मा लावला, एका बोटाने टाइप करायला लागली. उमेदवाराला किती वर्षांपासून ओळखता? तेवीस. तुमच्या हाताखाली किती वर्षं? सहा. वेळेवर येते का, चूक झाल्यावर काय करते, लोकांशी कशी वागते. एकेका उत्तराला तिला पाच पाच मिनिटं लागत होती. मागच्या वर्षी तिने भराभर लिहिलं होतं, अतिशय मेहनती, अतिशय हुशार, अतिशय सगळं. या वेळी एकही अतिशय आला नाही. बाहेर टाचणीच्या फेऱ्या ऐकू येत होत्या, खिडकी ते मशीन, मशीन ते खिडकी. पोरगी गेली की या फेऱ्याही जाणार. सकाळी दोरे कापताना समोरची जागा रिकामी. आत्याने आतापर्यंत हे स्वतःशी कबूल केलं नव्हतं, की नऊ वर्षांचं ओझं एक, पण त्याशिवायही बघते म्हणण्यात थोडासा स्वार्थ होताच. त्या पोरीत तिची आई हसते. तशीच, मोठ्याने नाही.

शेवटचा प्रश्न होता, उमेदवाराचा एक दोष सांगा.

आत्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आणि लिहिलं.

"फार प्रश्न विचारते. कपड्यावरची खूण पुसायच्या आधीसुद्धा विचारते, आत्या, ही पुसू का? सहा वर्षं मी तिला यावरून बोलते, की इतकं काय विचारायचं, पूस की. मी स्वतः कधी विचारलं नाही."

थोडा वेळ ती त्या शब्दांकडे बघत राहिली. मग ‘पाठवा’वर बोट ठेवलं आणि ते गेलं.

कडी काढून ती बाहेर आली तर चौघंही दाराकडेच तोंड करून उभे, लिफ्टमधून माणसं सुटायची वाट बघावी तसे.

"पाठवलंस?" टाचणीने विचारलं.

"पाठवलं."

"काय लिहिलंस?"

"दाखवायचं नाही म्हणून लिहिलंय त्यांनी."

"थोडंसं तरी सांग."

"तुझा दोष विचारला होता. सांगितला."

टाचणीचा चेहरा पांढराफटक पडला आणि काका जो हसत सुटला तो थांबेना. बाबाने विचारलं, कळणार कधी. टाचणी म्हणाली, सहा आठवडे. सहा आठवडे, बाबा नुसतं म्हणाला. शेकही सहा आठवडेच ठरला होता. मग त्याने सहा पानं गोळा केली, वजनं उचलून रांगेत ठेवली. टेबलावर मास्तरांनी आखलेली खडूची चौकट तेवढी राहिली, मध्ये रिकामी. सकाळी तिथे कुणाचा तरी कोट कापायचा होता.

बाबाने ब्रश उचलला आणि थांबला.

"ताई, ही पुसू का?"

आत्याने टाचणीकडे बघितलं.